रात्रीचा दवाखाना कोणी उघडायचा?

पाळलेलं जनावर रात्री-अपरात्री अत्यवस्थ झालं तर जबाबदारी कोणाची, यावर माझ्या थोरल्या भावाचं आणि माझ्या लेकीचं अजून एकमत झालेलं नाही. दादा पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झाला. सातारा जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत त्याची सगळी नोकरी गेली. गाई-म्हशी, बैल, शेळ्या हे त्याचं रोजचं काम. कुत्री-मांजरं अधूनमधून यायची. लेक पुण्यात राहते. तिच्या घरी एक लॅब्रेडॉर आणि एक बोका आहे, शिवाय सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदीही तीच बघते. दादा म्हणतो, पाळणाऱ्यानं आपली तयारी आधी करून ठेवावी. लेक म्हणते, तयारी कितीही केली तरी दार उघडणारा कोणीतरी हवा, आणि तो नसेल तर दोष पाळणाऱ्याच्या माथी मारू नये. दोघं परवा एकत्र आले तेव्हा झालेलं बोलणं इथे उतरवते आहे. ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांनी दोघांचंही ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

लेक : मामा, माणूस आजारी पडला तर १०८ ला फोन केला की गाडी येते. कुत्र्यासाठी मी कुठे फोन करायचा?

दादा : १९६२ आहे. टोल-फ्री नंबर, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा. गाडीत डॉक्टर, त्याचा मदतनीस आणि चालक असतात. पण तुला खरं सांगतो, ती योजना शेतकऱ्याच्या दारात पोचावी म्हणून आखलेली आहे. गाय अडली, बैल पडला, शेळ्या पटापट मरायला लागल्या, अशा वेळी ती गाडी लागते. साधारण लाखभर पशुधनामागे एक गाडी असा हिशेब आहे. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर रात्री बोक्यासाठी ती येईल, या भरवशावर राहू नकोस.

लेक : आणि सरकारी दवाखाने?

दादा : श्रेणी एकच्या दवाखान्यात पदवीधर डॉक्टर असतो. श्रेणी दोनमध्ये बहुतेक ठिकाणी पदविकाधारक पर्यवेक्षक असतो. जिल्ह्याच्या गावी सर्वचिकित्सालय असतं, तिथे एक्स-रे, शस्त्रक्रिया अशा सोयी बऱ्यापैकी असतात. पण ही सगळी दिवसाची कामं. मी गावात राहायचो म्हणून लोक रात्री माझ्या घराची कडी वाजवायचे, मी जायचो. ती माझी आणि त्यांची ओळख होती. सरकारी वेळापत्रकात ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

लेक : म्हणजे तुम्हीच कबूल करता आहात. व्यवस्था नव्हती, माणूस चांगला होता म्हणून काम व्हायचं. आमच्याकडे माणूस ओळखीचा नाही आणि व्यवस्थाही नाही.

दादा : मग ओळख कर ना. जनावर धडधाकट असताना डॉक्टरकडे जावं. लसीकरणाला गेलीस की तिथेच विचारावं, ‘रात्री काही झालं तर तुम्ही बघता का? नाही बघत तर कोणाकडे पाठवता?’ हा प्रश्न लोक विचारत नाहीत. मग रात्री बारा वाजता मोबाइलवर शोधत बसतात आणि ‘चोवीस तास’ अशी पाटी दिसली की तिकडे पळतात.

माझ्या अनुभवात दादाच्या या सल्ल्याइतकी मोलाची गोष्ट दुसरी नाही. ‘चोवीस तास’ या शब्दांत बरंच काही लपलेलं असतं. काही ठिकाणी रात्री डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतो. काही ठिकाणी फक्त मदतनीस असतो आणि डॉक्टर फोनवर. काही ठिकाणी दाखल झालेल्या जनावरांवर लक्ष ठेवतात, पण नवीन केस घेत नाहीत. दाराशी पोचल्यावर हे कळून काय उपयोग? लेकीनं पुण्यातल्या तिच्या भागातले रात्रीचे दवाखाने दिवसा जाऊन पाहिले आहेत. ऑक्सिजन आहे का, रात्री सोनोग्राफी होते का, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर किती वेळात येतो, आगाऊ रक्कम किती भरावी लागते, हे विचारून तिनं फ्रीजच्या दारावर कागद लावला आहे. मोबाइलचं चार्जिंग संपलं, घरात फक्त आजी असली, तरी तो कागद कोणालाही वाचता येतो.

दादा : हीच तर तयारी. मग भांडण कसलं?

लेक : भांडण हे, की मी हे करू शकले. माझ्याकडे वेळ आहे, गाडी आहे. आमच्या इमारतीच्या वॉचमनकडे पण कुत्रं आहे. त्यानं कुठे कुठे फिरायचं? रात्री रिक्षावाला कुत्रं घ्यायला तयार होत नाही, टॅक्सीवाला दार उघडण्याआधीच राइड रद्द करतो. तुम्ही ज्याला तयारी म्हणता ती पैशाची गोष्ट आहे.

दादा यावर थोडा वेळ गप्प होता. मग त्यानं विषय टाळला नाही, पण दुसरीकडून सुरुवात केली.

दादा : ठीक. वॉचमनला बिनपैशाची गोष्ट शिकवू. ओठ वर करून हिरडी बघायला शिकव. निरोगी हिरडी गुलाबी असते. अंगठ्यानं दाब, पांढरी होईल. अंगठा काढ, दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. यायला वेळ लागला तर रक्तदाब पडतोय. हिरडी मुळातच पांढरी असेल तर रक्त कमी आहे, नाही तर आत कुठेतरी रक्तस्राव होतोय. निळसर असेल तर श्वास मिळत नाही. काळ्या हिरड्यांचं कुत्रं असेल तर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघ. पण हे सगळं जनावर बरं असताना बघून ठेवलं पाहिजे. त्याचा नेहमीचा रंग माहीत नसेल तर आजचा रंग बदललाय हे कळणार कसं?

त्यानं लगेच लेकीच्या लॅब्रेडॉरला जवळ घेतलं, डाव्या हातानं वरचा ओठ सुळ्याच्या वर उचलला आणि अंगठा टेकवला. पांढरा ठिपका उमटला आणि अंगठा उचलताच भरून आला. कुत्रं शांत उभं होतं, कारण त्याच्या तोंडाला हात लावण्याची सवय लेकीनं पिल्लू असल्यापासून लावलेली आहे. ज्या कुत्र्याला ही सवय नाही, ते दुखत असताना घरच्यांनाही चावतं, हे दादानं मुद्दाम सांगितलं. गॉझची पट्टी नाही तर जुनी ओढणी थोबाडाभोवती गुंडाळून कानांमागे बांधली की तात्पुरती मुसकी तयार होते. मात्र श्वासाला त्रास असेल, उलटी येत असेल किंवा पग-शिह त्झूसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर ती बांधायची नाही. आणि चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, मग माणसांच्या दवाखान्यात जायचं. कुत्रं घरचं आहे म्हणून रेबीजची लस टाळायची का, हे आपण ठरवायचं नाही, डॉक्टरला ठरवू द्यायचं.

लेक : मामा, पण सगळंच हिरडीत दिसत नाही. बोक्याचं काय? आमच्या ओळखीत लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. बोका सारखा वाळूच्या डब्यात जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो. लोक भोपळा खाऊ घालतात, सकाळी बघू म्हणतात.

दादा : बोका कुंथतोय आणि वाळू कोरडी आहे, तर सकाळ नाही. उठायचं आणि निघायचं. नराची मूत्रनलिका अरुंद असते, तिच्यात खडे किंवा चिकट बूच अडकतं. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. एक-दोन दिवसांत खेळ संपतो. पोटाला हात लावलास तर मागच्या बाजूला टणक गोळा लागेल. तो दाबायचा मात्र नाही, फुटू शकतो.

लेक : हेच मी म्हणते. या बोक्याला मोठं हॉस्पिटल लागतं असंही नाही. कॅथेटर घालू शकणारा एक डॉक्टर आणि सलाइन एवढं पुरतं. आणि एवढंही रात्री मिळत नाही.

इथे मला लेकीचं पटतं. आपण तातडीचे उपचार म्हटलं की व्हेंटिलेटर, आयसीयू डोळ्यांपुढे आणतो. पण जीव वाचवणाऱ्या गोष्टींपैकी पुष्कळशा साध्या आहेत. सलाइन, ऑक्सिजन, झटके थांबवायचं इंजेक्शन, वेदनाशामक, कॅथेटर. तालुक्याच्या गावीही हे ठेवता येतं. अडचण सामानाची कमी आणि रात्री जागणाऱ्या माणसाची जास्त.

लेक : ब्रिटनमध्ये पशुवैद्यांच्या नोंदणी-संस्थेची आचारसंहिताच सांगते, की प्रत्येक पशुवैद्यानं चोवीस तास तातडीचे प्रथमोपचार आणि वेदनाशमन मिळेल अशी तजवीज करावी. आपल्याकडे भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कायदा १९८४ चा आहे. नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करायची नाही हे त्यात आहे. मग रात्रीची जबाबदारीही घाला.

दादा : तिथले डॉक्टर तरी रोज रात्री स्वतः जागतात का? बरेच जण रात्रीच्या केसेस दुसऱ्या खास रात्रपाळीच्या दवाखान्याकडे सोपवतात. म्हणजे त्यांनाही झोप हवी. आणि आपल्याकडे काय होतं ते ऐक. रात्री दोनला शटर उघडायचं. डॉक्टर बऱ्याचदा एकटी बाई असते, हल्ली कॉलेजांतून मुलीच जास्त बाहेर पडतात. समोर पाच-सहा जण, रडणारे, एखादा दारू प्यालेला. कुत्रं वाचलं नाही तर काच फुटते. वर उद्या सकाळी नऊला ओपीडी. सोबतीला ना गार्ड, ना धरायला माणूस. तू कायद्यात लिहिशील, पण गार्डचा पगार कोण देणार?

लेक : एकट्यानं नकोच. दहा डॉक्टरांनी पाळी लावायची, एकच जागा ठरवायची.

दादा : हं. त्याच्यावर बोलू. पण आधी मला सांग, तुझे लोक डॉक्टरकडे यायच्या आधी घरी काय काय करतात?

ही दादाची दुखरी नस. खेड्यात पोट फुगलेल्या बैलाला नळकांड्यानं तेल पाजतात, ते फुप्फुसात जातं आणि पोटफुगीनं न मरणारा बैल न्यूमोनियानं मरतो, हे त्यानं अनेकदा पाहिलं आहे. शहरातले प्रकार वेगळे, पण जात तीच.

लेक : पॅरासिटामॉल देतात. ताप आहे म्हणून मांजराला अर्धी गोळी. मांजराचं यकृत ते औषध पचवू शकत नाही, रक्तातली ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकदच जाते, तोंड आणि पंजे सुजतात, हिरड्या तपकिरी पडतात. दुसरं, कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं पर्मेथ्रिनचं औषध मांजराच्या मानेवर लावतात. मांजर थरथरायला लागतं आणि झटके येतात.

दादा : आणि झटका आला की नाकाला कांदा लावतात, तोंडात चमचा घालतात. काही करू नका. आजूबाजूचं फर्निचर सरकवा, दिवे कमी करा, घड्याळ बघा आणि मोबाइलवर चित्रीकरण करा. पाच मिनिटांच्या वर गेला, किंवा एक थांबून शुद्धीवर यायच्या आत दुसरा आला, तर गाडीत घाला. ते चित्रीकरण डॉक्टरला तुझ्या वर्णनापेक्षा जास्त सांगतं.

लेक : विष खाल्लं तर मीठ-पाणी पाजून उलटी काढतात.

दादा : मिठानं रक्तातलं सोडियम वाढून त्यानंच मरतात. दूध-तुपानं विष उतरतं हाही समज आहे. उंदराच्या काही विषांत स्निग्ध पदार्थामुळे विष उलट जास्त शोषलं जातं. काय खाल्लं त्याचं पाकीट, पुडी, उलटीतला तुकडा, जे असेल ते सोबत आणा. उंदरांसाठीच्या काही औषधांनी रक्त गोठणं बंद होतं आणि तीन ते पाच दिवस कुत्रं अगदी ठणठणीत दिसतं. तेवढ्यात आणलं तर व्हिटॅमिन के-१ वर भागतं. नाकातून रक्त यायला लागल्यावर आणलं तर रक्त चढवावं लागतं.

लेक : ‘ठणठणीत दिसतंय, कशाला न्यायचं’ असं म्हणणारेच जास्त.

दादा : आणि उन्हाच्या बाबतीत उलटं. तिथे लोक घाईघाईनं तसंच तापलेलं कुत्रं गाडीत घालतात. आधी गार करायचं. साधं नळाचं पाणी अंगावर ओतायचं, पंखा लावायचा, मग एसी लावून न्यायचं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१-१०२ फॅरनहाइट असतं. ते १०६ वर गेलं की आतले अवयव शिजायला लागतात. दवाखान्यात पोचेपर्यंत थांबलं तर अर्धा तास वाया जातो.

इथपर्यंत दोघं एका सुरात बोलत होते. पुन्हा पेटलं ते ‘जवळचा की मोठा’ या प्रश्नावर. माझ्या मते या सगळ्या बोलण्यातला हा सर्वांत उपयोगी भाग आहे, म्हणून तो सविस्तर देते.

लेक : जर्मन शेफर्डचं पोट फुगलं आहे. ओकाऱ्या येतात, पण फेसाशिवाय काही बाहेर पडत नाही. सारखं उठतंय, बसतंय. मला माहीत आहे की पोटाला पीळ पडला आहे. मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन वेळ का घालवू? सरळ शस्त्रक्रिया होते तिथे नेणार.

दादा : किती दूर?

लेक : रात्री पाऊण तास.

दादा : बैलाच्या पोटफुगीत आम्ही डाव्या कुशीत ट्रोकार घालतो, वायू निघतो, बैल उठून उभा राहतो. कुत्र्यात तेवढ्यानं भागत नाही हे खरं, कारण जठर फिरलेलं असतं. पोट उघडून ते सरळ करावं लागतं आणि बरगडीजवळच्या भिंतीला टाके घालून बसवावं लागतं. पण शस्त्रक्रियेपर्यंत ते जिवंत पोचलं पाहिजे. फुगलेलं जठर मोठ्या शिरा दाबतं, हृदयाकडे रक्तच परत येत नाही. जवळच्या डॉक्टरनं सुईनं वायू काढला, दोन जाड सुया लावून सलाइन जोरात सोडलं, तर तुझा पाऊण तास त्याला झेपेल.

लेक : आणि जवळच्या डॉक्टरला ते येत नसेल तर? किंवा त्यानं आधी एक्स-रे काढून, रक्त तपासून, शेवटी ‘मोठ्या ठिकाणी न्या’ असं सांगितलं तर? माझ्या डोळ्यांदेखत असं झालं आहे, मामा. दीड तास गेला.

दादा : म्हणून फोन. गाडी सुरू झाल्यावर एकानं चालवायची, दुसऱ्यानं दोन्हीकडे फोन करायचा. जवळच्याला दोनच प्रश्न विचारायचे. पोटातला वायू आत्ता काढाल का, सलाइन लावून लगेच सोडाल का. हो म्हणाला तर थांबायचं, नाही म्हणाला तर पुढे. आणि मोठ्या दवाखान्याला सांगायचं की असं कुत्रं येतंय, इतकं वजन, इतक्या वेळात. तोवर ते सर्जनला बोलावतात, टेबल तयार ठेवतात.

लेक : हे मला मान्य आहे. पण ‘जवळ’ म्हणजे नकाशावर जवळ नाही, काम येणारा जवळचा.

दादा : हो. तसं म्हण.

मग सापाचा विषय निघाला. वाई-महाबळेश्वरकडे, आणि आता पुण्याच्या टेकड्यांलगतच्या वसाहतींतही, कुत्र्यांना साप चावण्याच्या केसेस होतात. कुत्रं नाकानं शोधतं म्हणून दंश बहुतेक वेळा नाकावर, थोबाडावर किंवा पुढच्या पायावर असतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी आपल्याकडची प्रतिविषाची लस माणसांसाठी बनते, पशुवैद्यही तीच वापरतात. लेकीनं विचारलं, गावात प्राथमिक आरोग्य केंद्रात ती असते, मग कुत्र्यासाठी का मागू नये? दादा ठाम होता.

दादा : तो साठा माणसांचा. रात्री एखादी खुरपणीला गेलेली बाई घेऊन येतील आणि कुपी कमी पडेल. मागायचीच नाही. पशुवैद्यानं आपल्याकडे कुप्या ठेवाव्यात, नाही तर औषधांच्या कुठल्या दुकानात मिळतात ते माहीत करून ठेवावं. तुम्ही आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, साप पकडायला जाऊ नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून आणा. सुजायच्या आधी गळ्यातला पट्टा काढा, हे मात्र लोक नेहमी विसरतात.

लेकीनं यावर वाद घातला नाही. तिनं विषय मुंबईकडे वळवला.

लेक : मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं रुग्णालय १८८० च्या दशकापासून आहे. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी १८७४ साली स्थापन झालेली संस्था ते चालवते. त्याच आवारात १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. २०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय उघडलं. पाच मजले, सुमारे १६५ कोटी खर्च, चोवीस तास तातडीची सेवा. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. मग पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूरला का होऊ नये?

दादा : दीडशे कोटी सगळीकडे कुठून येणार? आपल्याकडे सातारा जिल्ह्यात शिरवळला सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय आहे, नागपूर, परभणी, उदगीरला आहे. तिथे शिकवणारे सर्जन आहेत, मुलं आहेत, टेबलं आहेत. तुला मागायचंच असेल तर ते रात्री उघडं ठेवायला माग. नवी इमारत मागण्यापेक्षा ते स्वस्त.

हा मुद्दा मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटला. माणसांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय रात्री बंद होतं, अशी कल्पनाही आपण करत नाही. शिकणाऱ्या मुलांनाही रात्रीच्या केसेसमधून जे शिकायला मिळतं ते दिवसाच्या ओपीडीत मिळत नाही.

लेक : आणि रक्त? २०२४ च्या जूनमध्ये त्याच महालक्ष्मीच्या रुग्णालयात सात महिन्यांचं एक कुत्रं होतं. गोचीड-तापाचा संशय होता, रक्त धोकादायक इतकं कमी झालेलं. रतन टाटांनी इन्स्टाग्रामवर मुंबईकरांकडे रक्तदाता कुत्रं मागितलं. रतन टाटांना असं मागावं लागलं, तर वॉचमननं काय करायचं?

दादा : दाता कसा हवा होता?

लेक : एक ते आठ वर्षांचा, पंचवीस किलोंच्या आसपास किंवा जास्त वजनाचा, लसी आणि जंतनाशक पूर्ण, मोठा आजार नसलेला, गेल्या सहा महिन्यांत गोचिडा-पिसवा नसलेला. आमच्या भागातल्या अशा कुत्र्यांची यादी मी केली आहे. मालकांची संमती घेतली आहे. मांजरांची वेगळी, कारण मांजरांचे गट तपासल्याशिवाय रक्त देताच येत नाही. कुत्र्याला पहिल्या वेळी बहुधा चालून जातं, तरी तपासलेलं बरं.

दादा : ही यादी सोन्याची आहे. माझ्या नोकरीत माझ्याकडे कधी अशी यादी नव्हती.

लेक : पण ती माझ्या वहीत आहे, मामा. मी उद्या शहर सोडलं तर?

दादाकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

पैशाचा विषय मीच काढला, कारण दोघं तो टाळत होते. दादाचं मत कठोर वाटतं, पण ते त्यानं खूप पाहून बनवलेलं आहे. तो म्हणतो, किती खर्च करू शकतो हे घरातल्यांनी शांतपणे, जनावर बरं असताना बोलून ठेवावं. दवाखान्यात पोचल्यावर पहिल्याच अर्ध्या तासात अंदाज लेखी मागावा आणि डॉक्टरला स्पष्ट विचारावं, वाचण्याची शक्यता किती, वाचल्यावर जगणं कसं असेल. डॉक्टरला खर्चाचं बोलायला संकोच वाटतो, मालकाला विचारायला लाज वाटते, आणि मध्ये जनावर पडून राहतं.

लेक : जीव वाचतोय की नाही या वेळी पैसे बोलायचे?

दादा : त्याच वेळी. नाही तर तीन दिवसांनी पैसे संपले म्हणून अर्धवट उपचार थांबवून घरी नेतात. त्यापेक्षा वाईट काही नाही. आणि एक सांगतो, तुला आवडणार नाही. मणका तुटलेलं, आशा नसलेलं जनावर वेदनेत असेल तर त्याला शांतपणे मरण देणं हेही रात्रीच्या डॉक्टरचं काम आहे. तेवढ्यासाठी सकाळपर्यंत तडफडत ठेवायचं नाही.

लेक : आवडत नाही असं नाही. घाई केली जाते याची भीती वाटते. पैसे नाहीत म्हणून मरण द्यायचं, आणि वेदनेपायी दिलं असं सांगायचं.

दादा : ती भीती खरी आहे.

विमा हा एक मार्ग आहे. आपल्याकडे काही कंपन्या कुत्र्या-मांजरांचा विमा देतात, पण आधीपासूनचे आजार त्यात सहसा बसत नाहीत आणि वयाची अट असते, म्हणून घ्यायचा तर लहानपणीच घ्यावा. लेक दरमहा थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकते. सोसायटीतल्या प्राणिप्रेमींनीही सामाईक निधी सुरू केला आहे. पहिली आगाऊ रक्कम त्यातून भरायची आणि मालकानं जमेल तशी परत करायची. वॉचमनच्या कुत्र्याचा खर्चही त्यातून झाला आहे.

शेवटी गाडी पाळीच्या दवाखान्यावर आली. दादानं वही मागवली. त्याच्या मते दहा डॉक्टर, एक भाड्याची जागा, रोज रात्री एक डॉक्टर, एक धरणारा मदतनीस, एक गार्ड. सामानाची यादी त्यानं स्वतः लिहिली. ऑक्सिजनचं सिलेंडर, सलाइन, झटक्यांची इंजेक्शनं, लहान-मोठी कॅथेटरं, प्रतिविषाच्या कुप्या, व्हिटॅमिन के-१, भूल, टाक्यांचं साहित्य. मोठी शस्त्रक्रिया नाही, फक्त स्थिर करून पुढे पाठवणं. रात्रीची फी दिवसाच्या दुप्पट असावी आणि ती दारावर ठळक लिहावी, यावर तो अडून बसला. लेकीनं फी मान्य केली, गार्डचा पगार सोसायट्यांनी वाटून घ्यावा असं सुचवलं आणि दादाच्या ओळखीच्या, पुण्यात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांची नावं मागून घेतली.

दादा : एक राहिलं. रस्त्यावरचं कुत्रं गाडीखाली आलं आणि कोणीतरी आणून ठेवून निघून गेलं, तर त्याचं बिल कोणाचं? हे आधी ठरलं नाही तर तुझे दहा डॉक्टर तीन महिन्यांत पाळी सोडून देतील.

लेक : महापालिकेचं. भटक्या कुत्र्यांची जबाबदारी तिची आहे.

दादा : ती देईल?

लेक : मागितल्याशिवाय कसं कळणार? तुम्ही डॉक्टरांशी बोला, मी अर्ज लिहिते. खर्चाचा अंदाज तुम्हीच काढून द्या. एका रात्रीत अशी किती जनावरं येतील आणि प्रत्येकावर कमीत कमी किती लागेल.

दादा : रविवारपर्यंत देतो. पण कमीत कमी नाही. लागेल तेवढं लिहिणार.